दाढेचा दाखला

महाराष्ट्रात एके काळी निम्मी माणसं एक जूनला जन्माला यायची. हे त्यांच्या आयांना ठाऊक नसायचं. तो उद्योग शाळेतल्या गुरुजींचा. पोराचं नाव घालायला आलेली बाई सांगायची, थोरली म्हैस व्याली त्याच्या पुढच्या महिन्यात झालाय. म्हशीची तरी तारीख कोणाला माहीत? गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायला सोपं जायचं, आणि पुढचं पोर रांगेत रडत उभं असायचं.

गुरुजी गेले, पोरं म्हातारी झाली, आणि गुरुजींच्या त्या आळसावर माझी चूल अकरा वर्षं पेटली. मी रोहिणी कासुर्डे, साताऱ्याच्या दंतकाल केंद्रातली परवानाधारक वाचक. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे, लोक त्याला दातपंचांग म्हणतात. ऐंशी पूर्ण झाली की पेन्शन वाढते, म्हणून आपण दाखल्यापेक्षा थोराड आहोत हे सिद्ध करायला म्हातारे माझ्या खुर्चीत बसून हौसेने तोंड उघडायचे. वय लपवणाऱ्या माणसांच्या जगात मला वय वाढवून मागणारी गिऱ्हाइकं मिळाली, हे माझं नशीब.

यंत्र काय करतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दातावरचं कवच रोज एक बारीक थर चढत तयार होतं आणि एकदा झालं की मरेपर्यंत बदलत नाही. आपल्या पहिल्या पक्क्या दाढेचं कवच जन्माच्या जरासं आधी हिरडीच्या आत धरायला लागतं. मूल जन्मतं त्या दिवशी त्याच्या शरीराला एवढा हिसका बसतो की त्या दिवसाच्या थराची गडद रेघ उमटते. तिला आम्ही जन्मरेघ म्हणतो. वर्ष कळतं ते हवेमुळे. एकोणीसशे पन्नास-साठच्या काळात देशोदेशींनी अणुबाँबच्या चाचण्या केल्या, हवेतला एक प्रकारचा कार्बन दर हंगामाला वाढत गेला, तो गवतात, दुधात आणि दुधातून पोरांच्या दातांत उतरला. कुठल्या थरात तो किती आहे हे मोजलं की त्या थराचा महिना सापडतो. तिथून मागे थर मोजत जन्मरेघेपर्यंत यायचं. तारीख नऊ दिवस अलीकडे-पलीकडे, त्याहून चूक नाही.

थर यंत्र मोजतं, पण रेघ माणसाने मान्य करावी लागते. मोठं आजारपण, उपासमार यांच्याही रेघा उमटतात. त्यातली जन्माची कुठली, हे यंत्र सुचवतं आणि वाचक सही करतो. त्या सहीचा मला पगार मिळायचा.

आता माझ्या मुलीचं. शर्वरी सत्तावीस वर्षांची, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेची नर्स. तीन वर्षांपूर्वी ती इटलीला गेली, उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गावात, नव्वदीच्या एका आजोबांना सांभाळायला. आजोबा भले होते. त्यांचा मुलगा भला नव्हता. तो तिच्या खोलीत यायला लागला तेव्हा ती दाराला कपाट लावून झोपू लागली, आणि शेवटी तिने पोलिसांत तक्रार केली. त्याने दुसऱ्याच दिवशी उलटी तक्रार केली की हिने आईची अंगठी चोरली. कोर्टाने दोन्ही तक्रारींची सुनावणी आठ महिन्यांवर ठेवली आणि सांगितलं, तोवर आरोपीने देश सोडायचा नाही. ती परदेशी कामगार असल्यामुळे परवान्यावर नोंदवलेल्या पत्त्यावरच राहायचं. तो पत्ता म्हणजे तेच घर.

मला हे तिने फोनवर अगदी सपाट आवाजात सांगितलं. मी तिला म्हणाले, निघून ये. ती म्हणाली, निघाले तर पळाले असं धरून तुरुंगात घालतात. वकिलाने तिला एकच वाट दाखवली होती. इटलीच्या नागरिकाला अशा पत्त्यावर बांधून ठेवता येत नाही. आणि तिचे पणजोबा इटालियन होते.

माझे आजोबा, आईचे वडील, बार्तोलोमेओ पारोदी. जिनोव्हाचे, जहाजाच्या इंजिनखोलीतले कारागीर. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज मुंबई बंदरात इंग्रजांनी धरलं आणि माणसं नजरकैदेत टाकली. लढाई संपली तेव्हा बाकीचे गेले, हे राहिले. वाईत तेलावरची इंजिनं दुरुस्त करायला लागले, गुऱ्हाळागुऱ्हाळाने फिरले, कोरेगावकडच्या तान्हूबाईशी लग्न केलं आणि बार्तू मेस्त्री झाले. मला ते आठवतात ते धोतरातले, तंबाखू मळणारे आणि मराठीत शिव्या देणारे.

इटलीतली डोंगरी गावं ओस पडत चालल्यामुळे तिथल्या सरकारने वंशजांना दारं पुन्हा उघडली होती. नियम एकच. पूर्वजाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याच्या आधी त्याचं मूल जन्मलेलं असलं पाहिजे. आधी असेल तर धागा अखंड, नंतर असेल तर तुटला. आजोबांनी भारताचं नागरिकत्व घेतल्याचा कागद दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पेटीत होता, त्याची नक्कल माझ्याकडे होती, तारीख एकोणीस ऑगस्ट एकोणीसशे सत्तावन्न. आईचा शाळेचा दाखला म्हणत होता, जन्म एक जून एकोणीसशे सत्तावन्न. म्हणजे अडीच महिने आधी. धागा अखंड.

पण इटलीच्या वकिलातीतला माणूस हसला. मराठी मुलखातला एक जून त्यांनाही आता ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, दाढेचा दाखला आणा, तोही त्याच जिल्ह्याच्या केंद्राचा.

आणि आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आई दसऱ्याची आहे. आजोबांनी इंजिनाला झेंडूची माळ घातली आणि तिकडून मुलगी झाल्याचा निरोप आला, ही गोष्ट लहानपणापासून दर दसऱ्याला ऐकलेली. दसरा ऑक्टोबरात. म्हणजे धागा तुटलेला. मी फाईल मिटवून कपाटात टाकली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी माझा थोरला भाऊ धनाजी घरी आला. त्याला कोणीतरी माझ्या खटपटीची बातमी दिली होती. दादा साठीचा, भिलारच्या बाजूला त्याची स्ट्रॉबेरीची शेती. बापाची वाटणीला आलेली जमीन म्हणजे नुसता खडक होता. त्याने वीस वर्षांत एकेक तुकडा विकत घेत चार एकर केले. माझे वडील लवकर गेले. मला दादाने शिकवलं, माझं लग्न त्याने केलं, आणि माझे यजमान गेले तेव्हा दहा दिवस तो माझ्या दारात बसून होता. हे सांगायचं कारण, पुढे मी जे केलं ते त्याच्याशी केलं.

तो भारत आणि इटली यांच्यातल्या नव्या कराराचा कागद घेऊन आला होता. शर्वरीच्या वकिलाने आम्हाला अर्धंच सांगितलं होतं. वंशाने मिळणारं नागरिकत्व कोणी देत नाही. ते जन्मापासून असतंच, फक्त ओळखलं जातं. आणि एकाचं ओळखलं की त्या धाग्यावरच्या सगळ्यांचं ओळखलं जातं, मागितलं असो वा नसो. दोन्ही देशांची नोंद आता जोडलेली. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणून अशा माणसाला इथे जन्मापासून परका धरायचं. त्याने अर्ज केला तर भारतीय होता येतं, पण अर्जाच्या दिवसापासून पुढे. परक्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. मधल्या काळात घेतली असेल तर ती खरेदी झालीच नाही असं समजायचं आणि जमीन सरकारजमा.

"रोहे, चार एकर," दादा म्हणाला. "एका दातावर."

मी त्याला म्हणाले, आई दसऱ्याची आहे, धागा तुटलेलाच आहे, काळजी करू नकोस. त्याचा जीव भांड्यात पडला. मला त्याचा राग आला, हेही सांगून टाकते. माझी पोर कपाट लावून झोपत होती आणि हा माणूस चहात बिस्कीट बुडवत होता. तो तरी काय करणार? त्याने शर्वरीसाठी दुसरा वकील बघू म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. तो बघणार होताच. आठ महिन्यांत तो काय दिवे लावणार होता, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दादाबरोबर आईही आली होती. शहाऐंशी वर्षांची, कानाने पक्की, तोंडात मोजून सहा दात. ती सगळं ऐकत बसली होती. दादा निघाला तेव्हा ती म्हणाली, मी राहते चार दिवस लेकीकडं. तो गेल्यावर तिने मला शर्वरीबद्दल विचारलं, सगळं, एकेक करून. मी काही लपवलं नाही. कपाटाचं सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

"उद्या मला तुझ्या खुर्चीत बसव," ती म्हणाली. "डावीकडची दाढ हाय अजून."

मी म्हणाले, कशाला, आपल्याला माहीत आहे काय निघणार ते.

"तुला काय म्हाईत?" आई म्हणाली. "तुला म्या सांगितलं तेवढंच म्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात आई खुर्चीत बसली. वाचक नात्यातला नसावा असा नियम आहे, पण माझं आडनाव सासरचं, आईचं राजपुरे. अर्ज मी आईच्याच नावाने, वकिलातीच्या दाखल्यासाठी म्हणून भरला आणि बाकीचं कोणी विचारलं नाही. बाईचं माहेर कागदावर कुठे नसतं, याचा फायदा मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

तोंड उघडायच्या आधी आईने सांगितलं. ती माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती.

"तुझ्या आजीचं लगीन मार्गशीर्षात झालं. तवा ती तीन म्हैन्यांची होती. बार्तू मेस्त्री त्यांच्या गुऱ्हाळाचं इंजन बघाया यायचा, तवाचंच ते. पोट दिसाया लागलं तशी चैत्रात तिला म्हायेरी नेली. पैलं बाळातपण म्हायेरी, कोन काय म्हननार? म्या ज्येष्ठात झाले. लोकास्नी दाखवाया वाईला निरोप धाडला दसऱ्याला. आन् शिमग्याला मला घिऊन सासरी आली तवा म्या नऊ म्हैन्यांची, लोकास्नी सांगितलं पाच. पोर लईच थोराड हाय म्हनले, तर आजी म्हनायची, बाप गोऱ्या मुलखातला न्हवं का."

मी विचारलं, मग शाळेत?

"शाळंत तिनं खरी सांगितली. अंगठेबहाद्दर, पन तारीख पाठ केल्याली, बापानं कागदावर लिवून दिल्याली. गुरुजी म्हनलं, बाई, मी सगळ्यांची हीच लावतो, सांगायची गरज न्हाई. ती घरी येऊन हसली. चाळीस पोरांची खोटी, माझी तेवढी खरी."

आपल्याकडे एक जून दिसला की तो खोटाच, असं धरून चालायची सवय मला अकरा वर्षांत एवढी लागली होती की माझ्या आईच्या दाखल्यावरची तारीख खरी असू शकते हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. गुरुजीही चुकत चुकत एकदा बरोबर येतात.

"आनखी एक," आई म्हणाली. "त्या निरोपाआधीच, आषाढात, बाप मला बघाया गुपचूप म्हायेरी आला. मांडीवर घिऊन बसला. तवर त्याचं ठरत न्हवतं, जावं का ऱ्हावं. परत गेला आन् भारताचं कागद केलं. माझ्यापायी केलं."

म्हणजे आजोबा भारतीय झाले ते आई जन्मली म्हणून, आणि ते तिच्यानंतर भारतीय झाले म्हणून ती जन्माने इटालियन. इथे मुळं धरण्यासाठी त्यांनी जे केलं त्यानेच आम्ही सगळे जन्माचे परके ठरणार होतो. मला हसावं की रडावं कळेना. मी आईला विचारलं, दादाचं काय? तू दादाकडे राहतेस.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्याचा घास खाते. म्या कोनाच्या वतीनं बोलनार न्हाई. दात माझा, त्यात काय हाय ते तू वाच." आणि तिने तोंड उघडलं.

मोहरीच्या चतकोर कणाएवढं कवच मी काढलं. यंत्राला दोन तास लागतात. आई बाहेर बाकावर बसून राहिली, चहा नको म्हणाली. पडद्यावर चित्र आलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

यंत्राने तीन ऑक्टोबर एकोणीसशे सत्तावन्न सुचवली होती. त्या वर्षीचा दसरा नेमका तोच. मी दोनदा तपासलं.

कारण दिसत होतं. आईने आयुष्यभर दगडी जात्यावर दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, पिठातल्या कचीने दाढेचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. कवचाचा सगळ्यात आधीचा भाग तिथेच असतो. तो गेला की जन्मरेघही जाते, आणि उरलेल्यांतली जी पहिली ठसठशीत रेघ असेल तिला यंत्र जन्मरेघ समजतं. ही रेघ चार महिन्यांच्या वयाला आलेल्या कसल्याशा तापाची असणार. त्या काळी कोरेगावकडे आश्विनात कोण पोर तापाने फणफणत नव्हतं?

पण एका कोपऱ्यात, खाचेच्या कडेला, आधीच्या कवचाचा एक तुकडा शिल्लक होता. सुईच्या टोकाएवढाही नाही, पडद्यावर मोठा करून पाहिला तरच दिसेल असा. त्यात एक फिकट रेघ होती. तिच्या अलीकडचं कवच खडबडीत आणि पलीकडचं गुळगुळीत, जसं फक्त आईच्या पोटात असताना होतं. अकरा वर्षांत मी अशा रेघा साडेचार हजार पाहिल्या. चूक व्हायची शक्यता नव्हती. तिथून मोजलं तर तारीख यायची दोन जून, नऊ दिवस अलीकडे-पलीकडे.

मला काही करायचीही गरज नव्हती. यंत्राने सुचवलेलं मान्य केलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. यंत्र दसरा म्हणत होतं, घरातली गोष्ट दसरा म्हणत होती, दादा दसरा म्हणत होता. आणि खरं म्हणणारा तो कवचाचा एक तुकडा, शहाऐंशी वर्षांची एक म्हातारी आणि मी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. मला तर दोन्हींत माझंच माणूस दिसत होतं, आणि दोर एकच.

मी सत्यासाठी सही केली असं म्हणणार नाही. उद्या दादाची पोर त्या घरात असती आणि माझे चार एकर असते, तर मला ती रेघ दिसली असती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी आई होते, म्हणून मला ती दिसली. ती खरी होती हे माझं भाग्य. मी यंत्राची सूचना खोडली, फिकट रेघेवर खूण केली, कारण लिहिलं आणि सही केली. बाहेर येऊन आईला म्हणाले, जून. तिने मान हलवली आणि पदराने तोंड पुसलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी निरोप आला. धागा अखंड, वंशजांची नावं खालीलप्रमाणे. आई, दादा, मी, दादाची दोन मुलं, शर्वरी. सगळ्यांच्या फोनवर एकाच क्षणी गेला. शर्वरीने मला एक अक्षरही पाठवलं नाही, आणि त्याचा अर्थ मला तेव्हा समजला नाही.

अकरा पन्नासला दुसरा निरोप आला. तो वाचताना मला आधी काही कळेना, मग सगळं एकदम कळलं. जोडलेल्या नोंदीने आपली वंशावळ आपणच चाळली होती. तिला दिसलं की दाखल्यावर सही करणारी वाचक त्याच वंशावळीत आहे, म्हणजे नात्यातली आहे. आणि त्याहून मोठं म्हणजे ती जन्मापासून परकी आहे. वाचकाचा परवाना फक्त भारतीय नागरिकाला मिळतो. म्हणून माझा परवाना पहिल्या दिवसापासून अवैध. म्हणून हा दाखला स्थगित. फेरतपासणी दिल्लीला, अंदाजे दोन वर्षं. तोवर धाग्यावरच्या सर्वांचे व्यवहार जिथल्या तिथे थांबवले आहेत.

मी खोटी सही केली असती तर ती खरी राहिली असती. खरी केली म्हणून ती माझी सहीच राहिली नाही. परवाना घेताना कोणी मला हे समजावलं नव्हतं, आणि समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आमच्या घराने दात दाखवला.

दुपारपर्यंत केंद्राच्या फोनला उसंत नव्हती. मी अकरा वर्षांत दिलेले साडेचार हजार दाखले एका फटक्यात अडकले होते. म्हातारे विचारत होते, बाई, आम्ही ऐंशीचे आहोत का नाही? मला सांगता येईना. मी आईला घेऊन घरी आले.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे लाल शिक्का आला होता, बँकेने पीककर्जाचा अर्ज परत केला होता, आणि तोडणीला आलेली स्ट्रॉबेरी सोसायटी घ्यायला तयार नव्हती, कारण माल कोणाचा हेच ठरेना. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईच्या पाया पडला, खुर्चीवर बसला आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. प्रतिज्ञापत्र होतं. मी वाचनात चूक केली, यंत्राची मूळ सूचना बरोबर होती, मी ती मान्य करते. वाचकाने स्वतःहून चूक कबूल केली तर फेरतपासणीची गरज राहत नाही, धागा तुटलेला ठरतो आणि सगळं पूर्ववत होतं. माझा परवानासुद्धा.

"कोन म्हनलं तुला आई जूनची?" त्याने विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आईने त्याला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत. तो खाली मान घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने मान वर केली. मग म्हणाला, खरं असंल. पण खरं आहे म्हणून कोणाचं भलं झालं? शर्वरी सुटली का? मग सही कर, निदान एक घर तरी वाचंल. पोरीसाठी मी जमीन गहाण टाकून मोठ्यातला मोठा वकील देतो.

तो मनापासून बोलत होता. आणि तो बरोबर होता. मी रात्रभर हाच विचार केला होता, की दोन्ही बुडण्यापेक्षा एक वाचवावं. मी पेन हातात घेतलं. मला वाटतं मी सही केली असती.

तेवढ्यात शर्वरीचा फोन आला. नंबर तिचा नव्हता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आई, मी बाहेर आहे," ती म्हणाली.

पहिला निरोप आला तेव्हा तिने फक्त पासपोर्ट आणि स्वेटर घेतला होता. त्या माणसाला निरोप दाखवला, नव्वदीच्या त्या आजोबांच्या कपाळाला हात लावला आणि दारातून चालत निघाली. तिने बस पकडली. दुसरा निरोप आला तेव्हा ती पुढच्या गावच्या थांब्यावर उतरली होती. तोवर त्याने पोलिसांना कळवलेलं होतं. तिने स्वतःचा फोन बंद करून कचऱ्यात टाकला, रात्र एका चर्चच्या बाकावर काढली, आणि आता एका बाईचा फोन मागून बोलत होती. त्या चाळीस मिनिटांत ती इटलीची नागरिक होती. त्यानंतर ती कोर्टाचा हुकूम मोडून पळालेली आरोपी झाली होती, किंवा नव्हती. ते दिल्लीतलं कोणीतरी दोन वर्षांनी ठरवणार होतं.

"वकील म्हणाली, दाखला स्थगित आहे तोवर मला धरलं तरी तुरुंगात टाकता येत नाही. कारण मी नागरिक निघालेच तर त्यांच्यावर येईल," शर्वरी म्हणाली. "फक्त तो मागे घेतला जायला नको. मागे घेतला तर आजच आत. आई, तू मागे घेणार नाहीस ना?"

दादा माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याने नजर उचलली नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते, नखांत माती, वीस वर्षांची. त्या हातांनी माझ्या कन्यादानाला अक्षता टाकल्या होत्या. मला तो एकदा जरी म्हणाला असता की नको करूस सही, तर मला सोपं गेलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

दादाने माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. कागदाची घडी घातली. तो उठला तशी आईही उठली. तिने आपली पिशवी घेतली. मी म्हणाले, आई, तू चार दिवस राहणार होतीस.

"त्याच्याकडं जाते," आई म्हणाली. "त्याला आता कोन हाय?"

तिने दादाचा दंड धरला. तो क्षणभर थांबला, मला वाटलं झटकून टाकेल. त्याने टाकला नाही. दोघं पायऱ्या उतरले, एकेक करत, आईला जिना अवघड जातो. मी फोन हातात धरून दारात उभी राहिले. मागे बोलावण्याचा मला हक्क उरला नव्हता.

"कोण गेलं?" शर्वरीने विचारलं.

"मामा."

"आणि आजी?"

"आजीही."

मग तिने विचारलं की आता तिने कुठे जावं. मी तिचा आसरा व्हायला हवं होतं, आणि मला त्या देशातला एक रस्तासुद्धा माहीत नव्हता. मी विचारलं, तिथे आसपास माणसं आहेत का? ती म्हणाली, आहेत, थोडी आहेत. मग तिथेच बस, असं मी तिला सांगितलं.